प्लग

वारा पाऊण तासात गेला.
जखमी आले ते दुसऱ्या दिवशी :
करवतीनं मांडी कापलेला, छपरावरून घसरलेली,
आणि ओटाकर पोस्पिशिल, वय एक्याऐंशी,
कुठेच साधं खरचटलेलंही नाही.
ऑक्सिजनचं यंत्र पोटाशी धरून म्हणाले,
"खाट नको. प्लग द्या."

कॉरिडॉरमध्ये आधीच नऊ यंत्रं घुरघुरत होती.
नर्स मार्लिसनं कोल्ड्रिंकच्या कपाटाची वायर उपटली,
त्यांची खोचली.

बाहेर आयोवाचा मका
मैलोन्‌मैल आडवा.
जनरेटरला डिझेल पहाटेपर्यंत.

धाप ओसरली तसे बोलले :
शेजारच्या इर्माकडेही असलंच यंत्र.
दारावर अक्रोड पडलाय तिच्या.
हाका मारल्या मी, पुष्कळ मारल्या.

"तिला कमी ऐकू येतं,"
हे दोनदा म्हणाले.