दीड सेकंद

शटर कानाशी धरून ती ऐकते.
पाव, अर्धा — ठीक.
एकावर ठेवलं की मात्र रेंगाळतं,
आतली चाकं कुरकुरतात, दीडवर जाऊन मिटतं.

मी आधीच सांगून टाकलं:
मागच्या काचेला कडेला बुरशी आहे, नखाएवढी,
आणि पुढे एक चरा,
सत्त्याऐंशी साली पुसणाऱ्या पोराच्या अंगठीचा.

ऋत्वी पांचाळ, फाइन आर्ट्स, दुसरं वर्ष.
"काका, थोडुं ओछुं करो ने."
दोनशे सोडले.
मग विचारते, दीड सेकंदाचं तुम्ही काय करायचात?
काय करायचो! हलू नका म्हणायचो.
रावपुऱ्यातली अख्खी वऱ्हाडं हलायची नाहीत.
एकदाच, शितोळ्यांचं तान्हं हललं,
तोंडाच्या जागी नुसतं धुकं.
दुसरा काढून देतो म्हटलं, फुकट.
त्यांनी तोच मोठा करून नेला.
का, ते मी विचारलं नाही.

लाकडी पाटी तिच्या कॅमेऱ्यात बसेना.
कडं सोडवलं, लेन्स तिच्या ओढणीत,
पैसे मोबाइलवर, टिंग.
पाटी राहिली माझ्याकडे,
मधोमध गोल भोक.

ती गेल्यावर डोळ्याला लावली.
चाळीस वर्षं काळ्या फडक्याखाली
हे गाव मी उलटंच ओळखलं:
जोडे वर, टोप्या खाली.
आज भोकातून दांडिया बाजार सुलटा.
समोरून कुणी हात केला.
कोण, ते कळेना.
मान पार खांद्यावर टाकून बघितलं, तेव्हा —
अरे, हा तर मोहित्यांचा निळू.