दोन रजिस्टरं

खांबावरून पडलो तेव्हा
पारोळ्याचा गावठाण फीडर बंद होता.
मीच बंद करायला लावला होता.
म्हणजे विजेनं नाही पाडलं मला,
नुसत्या उंचीनं.

दहाव्या मणक्याखाली मी नाही, असं म्हणायचो.
जळगावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आहात हो,
फक्त वरच्या ऑफिसचा फोन खाली लागत नाही,
म्हणून खालचे लोक मनानं कारभार करतात.
मला ते माझ्या भाषेत कळलं :
लोड नसताना ट्रिप होणारा फीडर.
शंभर मिली जमलं न जमलं की पिशवी आवळते,
पँट ओली, खुर्चीची गादी ओली,
आणि जे मांड्यांनी सांगायचं ते नाक सांगतं.

पहिलं वर्ष मी पाणीच तोडलं.
मे महिना, पंचेचाळीस डिग्री, दिवसाला दोन पेले.
कोकिळा तांब्या भरून ठेवायची,
मी खिडकीतून जास्वंदीला ओतायचो.
जास्वंद फुलली.
मला हुडहुडी भरून ताप आला.

मग नळी. दर चार तासांनी.
पहिल्यांदा कोकिळेनं घातली, डोळे गच्च मिटून.
म्हटलं, डोळे मिटून तर फ्यूजही बसत नाही.
ती हसली, नळी हातातून सुटली,
पुन्हा साबण, पुन्हा हात.
आता मीच घालतो. ती दाराआडून विचारते,
"कितलं व्हयनं?"
दोनशे ऐंशी.
"आनि चड्डी?"
कोरडी.
शेजारच्या हिलालआप्पाला वाटतं, दुधाचा हिशेब चालतो.

गोळीनं जीभ टाळूला चिकटायची,
फोनवर नुसतं हॅलो म्हणायला आधी ओठ सोडवावे लागत.
म्हणून मग सुई. भूल नको म्हणालो,
तिथं दुखायला आहे कोण?
पडद्यावर पाहिलं : पिशवीची आतली भिंत,
उन्हाळ्यातल्या बोरीच्या पात्रासारखी भेगाळ,
आणि दुर्बिणीतून सुई एकेक ठिकाणी टेकतेय,
कुणी मिरचीची रोपं लावावीत तशी.
वीस.
आठ-नऊ महिने शांत राहील, बाई म्हणाल्या, मग परत या.
म्हणजे मेंटेनन्स, मी म्हणालो.
त्यांनी लिहायचं थांबून माझ्याकडे पाहिलं.

सबस्टेशनला रात्रपाळी मिळाली.
टेबलावर मंडळाचं रजिस्टर, दर तासाला अँपिअर.
खणात माझं, दर चार तासांना मिली.
पेन एकच.
एका रात्री डुलकीत चुकलो,
गावठाणच्या रकान्यात तीनशे दहा गेलं.
सकाळी साहेब : रात्री तीनला एवढा लोड?
गावात लग्न होतं का?
माझा होता साहेब, म्हटलं,
आणि खणातली वही काढून दाखवली.
ते बराच वेळ पानं उलटत राहिले.
मग स्वतःच्या पेनानं आकडा खोडून बाजूला सही केली.
दोन्हीकडे.

या महिन्यात दोनदा ओलं झालं.
तारीख घ्यायला हवी.
तांब्या रिकामा आहे,
जास्वंदीला कोकिळा आता
वेगळं पाणी घालते.