मुदत

ओझरच्या कारखान्यात
मिगपासून सुखोईपर्यंत रिव्हेट ठोकलेले निकुंभ
पाव बुडवत म्हणतात,
मुदत संपली, निवडणूक नाही,
मग तो अध्यक्ष कसला?

गायधनी बाई तर्री बाजूला सारतात.
मतपेटी ठेवायची कुठे?
शाळेला छप्पर नाही.
मतदार अर्धे खंदकात,
अर्धे परक्या देशात रांगेत.

असू द्या. पण तोफा पाठवणारे?
युद्ध किती दिवस चालावं,
हे त्यांना कोणी मत देऊन सांगितलं?

बाईंचं लिंबू पिळायचं थांबतं.

खिडकीची काच थरथरते.
देवळालीचा सराव.
कोणीच वर बघत नाही.

गल्ल्यावरचा भिका सुटे मोजता मोजता :
आपल्या महापालिकेत किती वर्षं प्रशासकच होता...
इथं कुठलं युद्ध होतं, काका?

निकुंभ रस्सा मागतात.
थोडा कमी तिखट.