रुवीतले उलटे नळ

ऑगस्टात रुवीत नळ उलटे होतात.
निळ्या खुणेतून येतं
गच्चीवरच्या टाकीत तापलेलं पाणी,
आणि मे महिन्यात बंद केलेला गीझर
न्हाणीघरात माठ होऊन बसतो.
लाल खूण फिरवून आम्ही गार अंघोळ करतो.

"एसी गारवा कशापासून बनवतो?"
शर्वाणीनं विचारलं.
मुजम्मिल परकार, दापोलीचे,
शिडीवरून न उतरताच म्हणाले,
"गारवा कोण बनवतंय, बाय?
आतली गरमी उचलायची, बाहेर टाकायची.
हमाली नुसती.
वर त्या हमालीची ऊब वेगळी,
तीही बाहेरच."

तिनं फ्रिजच्या पाठीला हात लावून पाहिला.
मग खिडकीशी गेली.

खाली गल्लीत, आमच्याच यंत्राच्या तोंडासमोर
डिलिव्हरीचा पोरगा
मोटरसायकल टेकवून पत्ता शोधत होता.

फ्रिजमधली बाटली घेऊन ती उतरली.
दारातच चष्मा धुकटला,
पुसला, पुन्हा धुकटला.

बाटली हातात घेतली तर थेंब टपकले.
त्याला वाटलं, गळतेय.
"नाही, हे हवेतलं पाणी आहे," ती म्हणाली.

त्यानं वर हवेत बघितलं,
ओला तळवा मानेवर फिरवला
आणि विचारलं,
बिल्डिंग नंबर सत्तावीस कुठली?