जंबेरीचा फुटवा

घरी सगळ्यांना सांगितलं होतं, पोरगा नागपूरला क्लास करून राहिला.
मोठ्या आईला, शेजारच्या ठाकऱ्यांना,
पानठेल्यावरच्या उमेशलासुद्धा.
बाबांनी क्लासची फी पाठ करून ठेवली होती.
खरी तिच्याहून जास्त होती.

काटोल नाक्यापासून आत, दुसऱ्या गल्लीत,
खाली टाइल्सचं दुकान, वर दोन मजले,
जिन्यात फिनाईल आणि वाळ्याचा वास.
कूलर रात्रंदिवस घरघरत,
भिंतीपलीकडे कोणी रडलं तर
पाण्याची मोटर बिघडल्यासारखं वाटे.

सरांचा आवाज वाईट नव्हता,
हे मला अजून कोणाला समजावता येत नाही.
पहिल्या दिवशी त्यांनी बाबांना विचारलं, धंदा काय?
संत्र्याची रोपवाटिका, बाबा म्हणाले, काटोलला.
मग तुम्हाला काय सांगायचं, सर हसले,
खुंट कोणता का असेना, डोळा आपण बांधू तो.
बाबांनी मान डोलावली.
त्या महिन्यात पहिल्यांदाच कोणी
त्यांना कळेल असं बोललं होतं.

मनगटात रबर. तसा विचार आला की ओढायचं, सोडायचं,
वहीत एक रेघ मारायची.
पहिल्या आठवड्यात माझ्या एकशे बारा रेघा,
दुसऱ्यात चाळीस, तिसऱ्यात नऊ.
सर खूश.
रेघा कमी करायला विचार कमी करावे लागत नाहीत,
हे मला अन्वय गजभियेनं शिकवलं.
इंदोऱ्याचा, अकरावीतला, बुटका,
जो हप्त्यानं हसे: आधी ओठाचा एक कोपरा, मग दुसरा.

तृप्ती सोनकुसरे वरच्या मजल्यावर, मुलींच्या.
तिला जेवायलाही साडी नेसून यावं लागे.
पदर खोचून ती आपल्या वाटची पोळी
आमच्या ताटात टाके:
"खाऊन घ्या बे. बदलाले ताकद लागते."

सकाळी गच्चीवर चालायला शिकवत.
खांदे मागे, पाय फाकलेले, मनगट ताठ.
अन्वय इतका मर्दासारखा चाले
की समोर सांडगे घालणारी बाई
हात तसाच ठेवून बघत राही.
मला हसू येई. हसताना मी रबर ओढत नसे.

लाईट गेली की कूलर थांबत,
तेवढ्यापुरतं शहर ऐकू येई:
मालगाडी, कुत्री, गोरेवाड्याकडून कशाची तरी हाक.
अन्वय म्हणे वाघ. मी म्हणे मोर.
दोन खाटांत एक हात अंतर ठेवायचा नियम होता.
माझा हात बरोबर तेवढाच होता.

जूनच्या शेवटी बाबा न्यायला आले.
पावतीवर लिहिलं होतं, समुपदेशन.
त्यांनी माझं मनगट पाहिलं,
कातडी काळी पडलेली, गोल,
डोळा बांधलेली पट्टी सोडल्यावर दिसते तशी.
बसमध्ये एक शब्द नाही.
कळमेश्वरला उतरून त्यांनी एक आलूबोंडा आणला,
कागदासकट माझ्या हातात ठेवला.
फिजिक्सचं कोणी काही विचारलं नाही.

अन्वयला अजून तीन महिने ठेवलं.
सात वर्षांनी तो सीताबर्डीत भेटला,
बायको सोबत, कडेवर पोरगी.
काय बे, म्हणाला. पहिला हप्ता हसला,
दुसरा आला नाही.
त्याच्या मनगटावर काही नव्हतं.
तरी दोन बोटं तिथे गेली,
काहीतरी ओढलं, सोडलं.

कलमाखालून जंबेरीचे फुटवे येतच राहतात,
काटेरी, हिरवेगार, वरच्या संत्र्याला न विचारता.
पंधरा दिवसांनी खुडावे लागतात.
बाबांचा हात तीस वर्षं न बघता खुडत आलाय.
विहिरीकडच्या ओळीत एक त्यांनी सोडला.
मी विचारलं नाही. ते बोलले नाहीत.
त्याला आता खरबरीत पिवळी फळं लागतात,
बाजारात कोणी हात लावत नाही,
आई लोणचं घालते.
लयच आंबट हाये, बाबा म्हणतात,
आणि दुसरी फोड घेतात.