रंगाचा डबा

बाबांच्या ट्रकमध्ये, पान्यांच्या पेटीशेजारी,
कायम एक रंगाचा डबा असायचा,
निळा, अर्धा वाळलेला,
आणि माझ्या बाहुलीपेक्षा विरळ केसांचा ब्रश.

केल्सो मिल, साउथ कॅरोलायना. एकसष्ट साल.
अर्ध्या मैलाची मातीची धावपट्टी,
तळलेल्या मासळीचा वास,
आणि फाटकाशी हॉलिस ट्रॅमल, तपासनीस,
तोंडात काडी, हातात फूटपट्टी.

आधी चाकं मोजली. मग टाकी.
मग बॉनेटखाली वाकून बराच वेळ शोधत राहिला
तिथे नसलेलं काहीतरी.
शेवटी पाठ सरळ करत म्हणाला,
"रंग चालणार नाही."

"कशाचा?" बाबांनी विचारलं.

मागच्या गाडीत कुणीतरी खुसकन हसलं.
ट्रॅमलनं काडी या गालातून त्या गालात नेली.
"दाराचा. पोपडे निघालेत."

त्याच्या भाच्याच्या गाडीला दारच नव्हतं,
पत्रा होता, तारेनं आवळलेला.

बाबांनी झाकण उचकटलं, रॉकेल ओतलं, ढवळलं.
पात्रता फेरी सुरू झाली, आम्ही रंगवत होतो.
संपली, तरी रंगवत होतो.
ते वरून खाली, मी खालून वर,
मधला सत्तावीसचा आकडा सांभाळून.

म्हणून सुरुवात सगळ्यांत मागून.
पुढच्या बावीस गाड्यांची लाल धूळ
येऊन ओल्या दारावर बसली
आणि तिथेच राहिली.
मी दोरीपलीकडे, आमच्यासाठी राखलेल्या कोपऱ्यात,
वहीत फेऱ्यांच्या रेघा ओढत होते. शंभर.
पेन्सिल दोनदा मोडली, दातांनी टोक काढलं.

सहावा नंबर. पंचाहत्तर डॉलर.
वाटेतल्या पंपावर पेट्रोल मिळालं,
संडासाची किल्ली नाही मिळाली.
मक्याच्या शेतातून मी परत आले
तर बाबा स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होते,
एकटेच, आवाज न करता.
"चालणार नाही म्हणे!
चालला की. पन्नास मैल."
मग हसू थांबलं,
आणि गाडी सुरू करायला त्यांना जरा वेळ लागला.

ते दार माझ्याकडे आहे, वॉशिंग मशीनमागे.
परवा नातू म्हणाला, घासून चकचकीत करून देतो.
मी म्हटलं, हात लाव आधी.
त्यानं लावला.
खरखरीत, म्हणाला, वाळूच्या कागदासारखं,
आणि इथे, आजी, एक केस चिकटलाय.