छाट

निपाणीत अकरावी कॉमर्सच्या वर्गात
फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात एकच नियम लिहिलेला असतो:
समोरच्याचं म्हणणं आधी असं सांगा, की तो ‘हो’ म्हणेल.
मग आपलं.

आजचा प्रश्न : बिडीवरचा कर वाढवावा का?
खिडकीतून वखारीचा वास येतोच आहे.
त्याचं नाव हजेरीत नाही, तरी रोज हजर.

सम्मेद उठला. वाढवावा, म्हणाला.
काकांचा जबडा मिरजेला काढला,
घरात आता भाकरीसुद्धा मिक्सरमधून जाते.
एवढं बोलून बसला, पेनचं टोपण चावत.

तबस्सुम केव्हाची उभी.
मी फळ्याच्या कोपऱ्याकडे बोट केलं.
तिनं आवंढा गिळला, मग म्हणाली,
“तुझं म्हणणं, बिडी महाग झाली
तर कुणाचा तरी काका चावून जेवेल.”
हो, सम्मेद म्हणाला. तेवढंच.

आता त्याची पाळी.
“तुझी आई बिड्या वळते. कर वाढला तर काम जाईल.”
“अर्धंच सांगितलंस.
हजार वळल्या तरी हजाराचे पैसे नसतात.
ही सैल, ही आखूड, म्हणून छाट काढतात,
आणि छाटही तेच ठेवून घेतात.
कर वाढला की छाट वाढते, बिड्या त्याच असतात.
हे सांग.”

त्यानं सांगितलं.
‘छाट’पाशी थोडा अडखळला.
वखारीत सूप पुढ्यात घेऊन
छाट काढायला बसतात ते त्याचे वडील.
सगळ्यांना माहीत होतं. कुणी हसलं नाही.

मागणीची रेषा काढायला उचललेला खडू
माझ्या हातातच राहिला.
पुस्तकात लवचिकता दीड पानात संपते.

मागच्या बाकावरून बसलिंग म्हणाला,
“मॅडम, कन्नडात ‘बिडी’ म्हणजे ‘सोडा’.”
मग मात्र वर्ग हसला, तबस्सुमही.
“सोडल्यावर शनिवारचा पगार कोण देणार,
तेपण कन्नडात सांग.”
बसलिंग डोकं खाजवत राहिला.
घंटा झाली.

पुढच्या तासाचे हिरेमठ सर दारात,
हातात डस्टर.
“पुसू काय हो?” त्यांच्या मराठीत विचारतात.
फळ्यावर अर्धी रेषा, दोन नावं,
आणि तबस्सुमच्या अक्षरात एक शब्द.

मी माझ्या कन्नडात म्हणते,
“इरली, बिडी.”
असू द्या.

ते उरलेल्या जागेत
बारीक अक्षरात लिहायला लागतात.